हळद दुधातली आणि डबीतली

हल्ली बायका आम्हाला एकच प्रश्न विचारतात : गुडघे दुखतात, हळदीच्या गोळ्या सुरू करू का?

हळदीला पिवळेपणा देतं ते कर्क्युमिन. हे पॉलिफेनॉल गटातलं द्रव्य. जांभळाचा रंग, चहाचा तुरटपणा याच गोतावळ्यातले. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण ३ ग्रॅम भरतं. पण ते सहजी अंगी लागत नाही. पाण्यात विरघळत नाही, रक्तात जेमतेम उतरतं, आणि उतरलेलं यकृत लगेच बाहेर घालवतं. तेलातुपाच्या फोडणीत, सायीच्या दुधात थोडं बरं. मिरीने मात्र मोठा फरक पडतो. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं कर्क्युमिन सुमारे २० पट वाढलं. हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं!

आता डबीतली गोळी बघा. एका गोळीत बरेचदा ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे पाच-सहा चमचे हळदीइतकं, आणि वर मिरीचा अर्क. रोज घ्यायची, तीही महिनोन्‌महिने. अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला सूज आली, म्हणून इटलीत २०१९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये सरकारी पातळीवर इशारे दिले गेले. असं सगळ्यांना होत नाही. पण गोळी चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, मळमळ थांबेना, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

गुडघ्याच्या झिजेत काही चाचण्यांत दुखणं थोडं कमी झालं, हे खरं. कर्करोग जातो, साखर कायमची उतरते, याला तसा पुरावा नाही. म्हणून साखरेची गोळी बंद करून हळदीची सुरू करणं आम्हाला मुळीच पटत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना डबी दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आमटी-भाजीतली हळद बिनधास्त खा. फक्त भडक पिवळी सुटी पूड टाळा. रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळतात आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. हळकुंडं आणून घरी कुटा, पण तीही फार झळझळीत दिसली तर दुकानदाराला परत करा.