घरगुती प्रोग्रॅमरचे मौन

ध्वनिप्रयोगासाठी स्वतः कालमापक जुळविणारा भाषेचा विद्यार्थी प्रथम अडतो तो एकाच ठिकाणी: हाताने बांधलेला प्रोग्रॅमर मायक्रोकंट्रोलरशी बोलत नाही. 'चिप जळली' असा निष्कर्ष तेव्हा फार लवकर काढला जातो. प्रस्तुत लेखकानेही तो काढला, व एक एटीमेगा३२८पी टाकून दिली.

वस्तुतः संवादाची रीत जाणली की दोष कोठे शोधावा ते कळते. रीसेट खाली धरून प्रोग्रॅमर चार बाइटांची आज्ञा पाठवितो. तीतील दुसरा बाइट, षोडशमान ५३, तिसरा जात असताना चिपने परत उच्चारावयाचा असतो. हा प्रतिध्वनी येत नसेल तर आधी वीज पाहावी. अठ्ठावीस पायांच्या चिपमध्ये २० व २२ या पिना नवशिका हमखास विसरतो. तसेच सीरियल जोडणीच्या सवयीने मोसी व मिसो यांची अदलाबदल होते. येथे मोसी मोसीसच जोडावयाची.

खरी मेख गतीत आहे. नवी चिप १ मेगाहर्ट्झने चालते. प्रोग्रॅमरचे घड्याळ तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, मंद हवे. घाईने बोलणाऱ्यास ती उत्तर देत नाही.

आणि फ्यूज बाह्य क्रिस्टलसाठी लावला, पण क्रिस्टलच नसला, तर चिप मृतवत् भासते. लेखकाची दुसरी चिपही अशीच मुकी झाली. ९ व १० या पिनांवर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल व दोन लहान कपॅसिटर बसविताच तिने आपली ओळख सांगितली: १ई ९५ ०एफ.