कॅमेऱ्यालाही कुलूप हवं

आई-वडील साताऱ्याला, मुलगा पुण्यात आणि मुलगी थेट टोरांटोला. अशा घरांमध्ये हल्ली टीव्हीशेजारच्या फळीवर एक छोटासा पांढरा कॅमेरा हमखास दिसतो. आई जेवली का, बाबा रात्री उठले तर धडपडले नाहीत ना, दारात कोण आलंय, हे सगळं हजारो किलोमीटरवरून मोबाइलवर पाहता येतं. दीड-दोन हजार रुपयांत मिळणारा हा वाय-फाय कॅमेरा बसवायला इलेक्ट्रिशियनही लागत नाही. डब्यातून काढायचा, प्लगला लावायचा, मोबाइलवरचा क्यूआर कोड त्याच्यासमोर धरायचा, की पाच मिनिटांत चित्र सुरू!

गफलत होते ती इथेच. ती पाच मिनिटं कॅमेरा ‘सुरू’ करण्याची असतात. तो ‘सुरक्षित’ करायला आणखी अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास बहुतेक घरांत कुणीच देत नाही.

त्याची किंमत काय असू शकते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाच्या प्रकरणाने दाखवून दिलं. तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची सीसीटीव्ही चित्रणं चोरून ती समाजमाध्यमांवर टाकली गेली, विकली गेली. पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या यंत्रणेला सहज ओळखता येईल असा, कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता, अशा बातम्या पुढे प्रसिद्ध झाल्या. म्हणजे कॅमेरे रुग्णालयाने स्वतःच्या सुरक्षेसाठीच बसवले होते. कुलूप तेवढं त्यांना लावलं नव्हतं.

कॅमेरा नव्हे, छोटा संगणक

आपण ज्याला कॅमेरा म्हणतो, तो प्रत्यक्षात भिंग लावलेला छोटा संगणक असतो. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, बहुधा लिनक्ससारखी कार्यप्रणाली असते आणि तो चोवीस तास इंटरनेटला जोडलेला असतो. लॅपटॉप आपण बंद करतो, त्यात अँटिव्हायरस टाकतो. कॅमेऱ्याकडे मात्र भिंतीवर चढवल्यानंतर वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

याचाच फायदा २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने घेतला. तो इंटरनेटवर फिरून कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकेक करून वापरून पाहायचा. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५’ या थाटाच्या. एवढ्या भांडवलावर लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात आली. अशाच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर मागण्यांचा असा भडिमार केला, की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी काही तास ठप्प झाल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे या हल्ल्यात सामील होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चित्र तर नेहमीसारखंच दिसत होतं!

मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. त्यामुळे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला, की तो पुसला जायचा. पण पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत पुन्हा शिरायचा. काही उपकरणांत पासवर्ड कारखान्यातच पक्का बसवलेला होता. मालकाला तो बदलताच येत नव्हता.

म्हणूनच पुढे कायदे आले. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना सरसकट एकच सोपा पासवर्ड देऊन ती विकण्यास बंदी घातली. आपल्याकडे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे निकष जाहीर केले आणि एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. नवा कॅमेरा घेताना या निकषांनुसार त्याची तपासणी झाली आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारावं. पण त्याआधी विकले गेलेले कॅमेरे आजही घराघरांत आहेतच. त्यांची काळजी मालकालाच घ्यावी लागणार.

आधी जागा, मग भोक

भिंतीला ड्रिल लावण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या नियोजित जागी मोबाइल धरून वाय-फायची ताकद पाहावी. ती मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा उणे चिन्हात दिसतो. उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० च्या खाली गेला तर चित्र अडखळणार. फरक दहाचा वाटतो, पण हे मोजमाप असं आहे, की दर दहाला सिग्नलची शक्ती एकदशांशावर येते.

घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं. २.४ च्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ च्या लहरींची साधारण सहा. लांब लहर भिंतीतून तुलनेने कमी क्षीण होऊन जाते, म्हणून गेटपाशी किंवा गच्चीवर असलेल्या कॅमेऱ्याला २.४ बरी. स्वस्त कॅमेऱ्यांना तर तीच एक पट्टी समजते. मोबाइल ५ वर आणि कॅमेरा २.४ वर, अशी चुकामूक झाली की ‘डिव्हाइस सापडत नाही’ हा संदेश येतो आणि लोक कॅमेरा सदोष समजून परत करतात. अशा वेळी मोबाइल तात्पुरता २.४ वर घेतला, की काम होतं.

विटांच्या भिंतीपेक्षा लोखंडी सळ्यांचा काँक्रीट स्लॅब, सेफ्टी डोअर, लोखंडी कपाट हे सिग्नलचे मोठे शत्रू. राउटर कपाटामागे दडवून ठेवला असेल, तर नवं उपकरण घेण्याआधी त्याला मोकळ्यावर, थोडं उंचावर आणून पाहावं.

एक कॅमेरा, रोज २१ जीबी

बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला सेकंदाला दोन मेगाबिट एवढा डेटा लागतो असं धरू. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एक कॅमेरा अखंड चालला, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांच्या आत भरतं आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग आहे’ असं गृहीत धरणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. असे तीन कॅमेरे सगळं चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर पाठवू लागले, तर महिन्याला जवळपास दोन हजार जीबी होतात. इथे आपल्या इंटरनेटचा ‘डाउनलोड’ नव्हे, ‘अपलोड’ वेग कामाला येतो. म्हणून हालचाल झाली तरच चित्रण पाठवण्याची सोय निवडणं घरासाठी शहाणपणाचं.

मेमरी कार्डावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. मोबाइलमधलं जुनं कार्ड कॅमेऱ्यात टाकलं, तर ते नेमकं गरजेच्या दिवशी दगा देऊ शकतं. सततच्या लेखनासाठी बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं वेगळी मिळतात. शिवाय चोर कॅमेराच उचलून घेऊन गेला, तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. महत्त्वाच्या चित्रणाची प्रत दुसरीकडे जायलाच हवी.

‘वायरलेस’ या शब्दानेही फसू नये. बॅटरीवरचे काही कॅमेरे सोडले, तर विजेची वायर लागतेच. आणि वीज गेल्यावर कॅमेऱ्याला इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडला, तर दूरवरच्या मुलांना काहीच दिसत नाही. दोघांनाही बॅकअप हवा.

वॉचमनला काय सांगून ठेवलंय?

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ. राउटर हा आपल्या घरच्या नेटवर्कचा वॉचमन. आतून कुणी बोलावल्याशिवाय तो बाहेरच्याला सोडत नाही. पण कॅमेरा बाहेरून पाहता यावा म्हणून काही वेळा राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केलं जातं. याचा अर्थ, ‘३०२ नंबरकडे जायचंय म्हणणाऱ्या कुणालाही न विचारता वर सोड’ असं वॉचमनला सांगून ठेवणं. ‘यूपीएनपी’ ही सोय चालू असेल, तर कॅमेरा स्वतःच वॉचमनला तसं सांगू शकतो आणि आपल्याला कळतही नाही. असे उघडे दरवाजे शोधायला चोराला गल्लोगल्ली फिरावं लागत नाही. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची सूची करणारं ‘शोडान’ हे शोधयंत्र २००९ पासून उपलब्ध आहे. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी दोन्ही बंद ठेवावं.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याला वेगळी खोली द्यावी. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. कॅमेरे त्यावर आणि बँकेचे व्यवहार होणारे मोबाइल-लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर ठेवले, तर कॅमेऱ्यात शिरलेल्याला तिथून पुढे सरकणं अवघड जातं. रेकॉर्डर असेल, तर तो आणि कॅमेरे एकमेकांना दिसतात ना, हे मात्र तपासावं. काही राउटर गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांनाही एकमेकांपासून तोडतात.

तिसरी गोष्ट पासवर्डची. वाय-फायचा, राउटरच्या सेटिंगचा, कॅमेऱ्याचा आणि अ‍ॅपच्या खात्याचा, असे हे चार वेगवेगळे पासवर्ड. चारही बदलायचे, चारही वेगळे ठेवायचे. अ‍ॅपला ओटीपीची दुहेरी पडताळणी असेल, तर ती सुरू करायची. वाय-फायची सुरक्षा किमान ‘डब्ल्यूपीए-२’ आणि शक्य असेल तर ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवायची. बटण दाबून उपकरण जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद करायची. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होईल, असं पाहायचं.

चौथी गोष्ट आपल्याकडे सर्रास घडते. कॅमेरे बसवायला आलेला माणूस सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो आणि त्याच्याच मोबाइलवर चित्र तपासून दाखवतो. तो भला माणूस असेलही, पण त्याच्या मोबाइलमध्ये आपलं घर कशाला? बिल चुकतं करण्यापूर्वी खातं आपल्या नावावर घ्यावं, जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून अनोळखी मोबाइल काढावेत आणि मग पासवर्ड पुन्हा एकदा बदलावा.

कुणाला पाहतोय हा कॅमेरा?

एवढं सगळं करूनही एक प्रश्न उरतोच. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोण येतं? सुरक्षेसाठी मुख्य दार, पार्किंग, जिना पुरतो. झोपायची खोली, कपडे बदलायची जागा, न्हाणीघराचं दार यांकडे कॅमेऱ्याचं तोंड असूच नये. कितीही चांगला पासवर्ड असला, तरी जे टिपलंच गेलं नाही ते कुणी चोरू शकत नाही.

समोरच्या फ्लॅटचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल, तर कोन बदलावा किंवा सेटिंगमध्ये तेवढा भाग झाकावा. एकाच वास्तूत राहणाऱ्यांच्या वादात, इतर रहिवाशांच्या संमतीविना घराच्या आतल्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

घरकामाच्या मावशींना, रुग्णसेवकाला कॅमेरा आहे हे स्पष्ट सांगावं. आणि ज्यांच्यासाठी तो बसवतोय, त्या आई-वडिलांना तर आधी विचारावं. मुलांची काळजी त्यांना कळते, पण दिवसभर कुणीतरी पाहतंय या जाणिवेने घरात सैलावून बसणंही अवघड होतं. ठरावीक वेळीच पाहायचं, पाहुणे आले की कॅमेरा बंद करायचा, त्याचं बटण आई-बाबांच्या हातात ठेवायचं, असे साधे करार घरोघरी करता येतात. पडण्याची भीती हेच कारण असेल, तर बाथरूममध्ये आधाराचा दांडा आणि रात्रीचा मंद दिवा हे दोन उपाय कॅमेऱ्याच्या आधी करायला हवेत. कॅमेरा पडलेला माणूस दाखवतो, पडणाऱ्याला सावरत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत एवढं कराच

घराची जळमटं काढताना कॅमेऱ्याचीही काढावीत. रात्री चित्र दिसावं म्हणून तो अवरक्त किरण सोडतो. भिंगासमोरच्या कोळ्याच्या जाळ्यावरून ते परत फिरतात आणि चित्र पांढरंधोप होतं. मग दोन महिन्यांपूर्वीचं नव्हे, कालचं रेकॉर्डिंग उघडून पाहावं. ते खरंच होतंय का आणि त्यावरची तारीख-वेळ बरोबर आहे का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं चित्रण पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि चुकीच्या वेळेचं चित्रण तिथे अडचणीचं ठरतं. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर तो कॅमेरा चालू असला तरी निवृत्त करावा. भंगारात किंवा दुसऱ्याला देण्याआधी कार्ड काढून घ्यावं, कॅमेरा फॅक्टरी रिसेट करावा आणि अ‍ॅपमधून त्याचं नाव काढून टाकावं. नाहीतर आपल्या वाय-फायचा पासवर्डही त्याच्याबरोबर घराबाहेर जातो.