खिमा घरचा, वाटा सगळ्यांचा


वस्तीतल्या महिला बैठकीत हिमोग्लोबिनचा विषय निघाला की बीट आणि गुळाचे नाव लगेच येते. मटणाचे नाव मात्र हळू आवाजात घेतले जाते. आम्ही ते मोठ्याने घेतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मांसातले लोह शरीर सहज शोषून घेते, पालेभाजी आणि कडधान्यातले तितके नाही. म्हणून या वेळी खिमा-पाव.

पाव किलो खिम्यात वाटीभर मटार किंवा भिजवलेली चणाडाळ घातली की पाच माणसांचे भागते. पण खाटकाकडे आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नका. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला. खिमा केला की ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. तुकडा पसंत करून समोर खिमा करून घ्या, चरबी काढायला सांगा आणि त्याच दिवशी शिजवा.

थोड्या तेलात दोन मोठे कांदे तांबूस होऊ द्या. आले-लसूण, हळद, तिखट, घरचा काळा मसाला, मग दोन टोमॅटो. टोमॅटोचा कच्चा वास जाईपर्यंत घाई नको, खरी चव तिथेच येते. खिमा घालून गुठळ्या मोडत परता. चणाडाळ असेल तर ती याच वेळी घाला. खिम्याला सुटलेले पाणी आटले की अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि वीसेक मिनिटे शिजवा. मटार शेवटच्या दहा मिनिटांत. कुठेही गुलाबी दिसता कामा नये. मीठ बेताने, कारण पावातही असते आणि पाकिटातल्या मसाल्यातही. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर पाव बाजूला ठेवून ज्वारीची भाकरी करा. आम्हाला तर तीच जास्त आवडते.

वरून लिंबू पिळाच. सोबतच्या डाळीतले, भाकरीतले लोह त्यामुळे जास्त लागू पडते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने.

पौर्णिमेला किंवा वर्षावासात मांसाहार न करणाऱ्या घरांत सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, बारीक करून असाच खिमा होतो. कोरड्या 100 ग्रॅम वड्यांत सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात. त्यावर लिंबू तर हवेच.

आता वाढण्याचे. मटणाच्या फोडी मोजून वाढल्या जातात आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात रस्साच उरतो, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिले आहे! खिमा पळीने वाढतात. पहिल्या पंगतीआधीच मुलीची, सुनेची आणि स्वतःची पळी वेगळ्या वाटीत काढून ठेवा. सासूबाई रागावल्या तर त्यांचीही वाटी काढा. रक्तक्षय त्यांनाही असू शकतो.

गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर नुसत्या खिम्यावर भागणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्याच लागतात. त्यांनी शौचाला काळे होते, घाबरून गोळ्या बंद करू नका.

उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, भर उन्हाळ्यात तासाभरातच. फ्रिज नसेल तर एका जेवणापुरताच करा.