काउंटरवरची ट्यूब

औषधाला दाद न देणारी नायट्याची ‘इंडोटिनी’ बुरशी २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये सापडली, तेव्हा तिची जगभर बातमी झाली. आपल्या नागपूरच्या मेडिकल-मेयो रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत पावसाळ्यात बसणाऱ्याला तिचे नवल वाटायचे कारण नाही. जांघेतला नायटा घेऊन आलेल्या पुरुषाची कहाणी बहुधा ठरलेली असते: आधी लाज, मग दुकानातून आणलेली ट्यूब, चार दिवस आराम आणि महिन्याभरात दुप्पट खाज.

माझा राग त्या ट्यूबवर आहे. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि वर क्लोबेटासोलसारखे जबर स्टेरॉइड असा तिच्यात तिहेरी मसाला. स्टेरॉइड खाज दाबते, तशी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते. बुरशी निवांत पसरते. नायट्याची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. त्यात जागा नाजूक. अंडकोषाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या तुलनेत सुमारे ४२ पट शोषले जाते, हे १९६७ मध्येच दिसले होते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उठतात. केंद्राने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. तरी ‘भाऊ, खाजेची एक ट्यूब द्या’ म्हटले की काम होतेच.

हवामानाला दोष देणे सोपे. मेमध्ये ४५ अंशांचा घाम, पाऊस लागला तरी कूलर सुरूच, खोली दमट, जीन्स ओलसरच चढवलेली. खरे आहे. पण एकच टॉवेल चौघांत फिरत असेल तर एकट्याने मलम लावून काय होणार? ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांवर एकदम उपचार हवेत. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवायचे. डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यायचे.

बाकी, प्रत्येक खाज नायट्याची नसते. नायटा सहसा अंडकोष सोडून मांडीवर पसरतो. शिश्नाच्या टोकाला लाली, कातडीला चिरा, पांढरट थर असे वारंवार होत असेल तर आधी साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीला येतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यानेही हा त्रास होतो. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. काहींचे दुखणे अतिस्वच्छतेचे असते: जंतुनाशक द्रव, सुगंधी साबण, खसाखसा घासणे. तिथे साधे पाणी पुरते, नंतर नीट कोरडे करा.

आणि ओपीडीत जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या.