सात तारांचा दिवस

सकाळी ८. कारंजा लाडहून कामरगावला निघालो. पिशवीत सोल्डरिंगचा कावा, मल्टिमीटर, नऊ पिनांचे कनेक्टर आणि जुनापुराणा लॅपटॉप. त्याला खराखुरा सीरियल पोर्ट आहे, म्हणून तो भंगारात गेलेला नाही; साध्या डॉसला यूएसबीचा कन्व्हर्टर दिसतच नाही.

९:१५. वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर डॉस ३.३ वर चालतो. वजनाच्या सगळ्या जुन्या पावत्या त्याच्याच पोटात, फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला. बाहेर पडायला एकच वाट, कॉम-वन. तिथे काट्याचा इंडिकेटर बसलेला. तो काढला की काटा बंद.

"भाऊ, सोयाबीनचे ट्रॅक्टर येऊन राह्यले. चालू वायर कायले काढता?" दिवाणजी कुरकुरले. दोन वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली.

९:४०. फायली पाठवायला दोन्हीकडे प्रोग्राम हवा, आणि इथे प्रोग्राम टाकायलाच रस्ता नाही. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये यावर तोड आहे. त्यातला इंटरसर्व्हर 'आरकॉपी' म्हटलं की तारेवरूनच पलीकडे स्वतःची नक्कल उतरवतो. ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

१०. नक्कल काही उतरेना. अर्धा तास सेटिंग चाळण्यात गेला, मग केबल उघडली. तीनच तारा! एरवी तेवढ्या पुरतात: दोनची तीनला, तीनची दोनला, पाचची पाचला. आरकॉपीला मात्र सात लागतात. चार-सहा आणि सात-आठ या जोड्याही उलटसुलट जोडायच्या.

११. कावा तापला आणि लाईन गेली. चहा.

१२:२०. लाईन आली. चार तारा डागल्या, मीटरची पिपाणी प्रत्येक जोडीवर वाजवून घेतली. जुन्या मशीनवर मोड कमांडने वेग २४००, मग सीटीटीवाय कॉम-वन. आता हुकूम तारेवरून येणार, कीबोर्ड मुका. दिवाणजींनी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. "गेला काय हो हा?"

१२:५०. नक्कल उतरली. मशीन पुन्हा चालू करून इंटरसर्व्हर लावला, तशी जुनी डिस्क माझ्या लॅपटॉपवर नव्या अक्षराने दिसू लागली. वेग ३८,४०० वरच ठेवला. जुन्या चिपला याहून पळवलं तर ती अक्षरं गाळते. दोन एमबीला हिशेबाने नऊ मिनिटं, प्रत्यक्षात तेरा लागली. तेवढ्यात डबा खाऊन झाला.

१:४५. इंडिकेटर परत जोडला. पडद्यावर काही आकड्यांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न. वेग बरोबर, पॅरिटी चुकलेली: इंडिकेटर सात बिट आणि इव्हन बोलत होता, मी आठ आणि नन लावून बसलो होतो.

१:५८. ३,४६० किलो. दिवाणजींनी पावती फाडली.