हाळ, खोडद आणि परग्रहाची भाषा : पन्नास वर्षांचा मागोवा

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात धर्मशाळेचा म्हणून दाखवलेला प्रसंग प्रत्यक्षात आपल्या रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. साल १९७७. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. पडद्यावर हजारोंची गर्दी एकच सुरावट पुन्हा पुन्हा आळवते आहे. हे सूर कुठून आले, असं त्यांना विचारलं जातं आणि क्षणात सगळे हात आकाशाकडे उठतात. प्रश्न विचारणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भूमिकेत फ्रान्स्वा त्रुफो होता. जगातला एक मोठा दिग्दर्शक नट म्हणून खालापूर तालुक्यात येऊन गेला, ही गोष्ट पोलादपूर-महाडकडच्या किती जणांना ठाऊक असेल?

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. तोवरच्या बहुतेक परग्रहपटांत आकाशातून कुणी आलं की तोफा वळायच्या. इथे माणसं आधी ऐकतात. जॉन विल्यम्सने बांधलेले ते पाच सूर हाच साऱ्या चित्रपटाचा कणा आहे. शेवटी यान उतरतं तेव्हा त्याच सुरांनी सवाल-जवाब होतात. आणि ते सूर आधी कानावर पडतात ते कुठल्या प्रयोगशाळेच्या नव्हे, उघड्या माळावर बसलेल्या माणसांच्या. उणीव एकच. या माणसांना नाव नाही, त्यांचं स्वतःचं बोलणं नाही. ती गर्दी आहे, आणि गर्दी म्हणूनच राहते. त्या दिवशी तिथे विशीत असलेली माणसं आज सत्तरीत असतील. त्यांच्या आठवणी कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात, आणि ते काम आता लांबवण्यासारखं नाही.

ते १९७७ सालच विलक्षण होतं. ५ सप्टेंबरला 'व्हॉयेजर १' हे अवकाशयान निघालं, त्याचं जुळं यान त्याआधी २० ऑगस्टला. दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरच्या ५५ भाषांतले नमस्कार तीत आहेत आणि त्यांत मराठीही आहे. एका मराठी स्त्रीच्या आवाजात परग्रहवासीयांना शुभेच्छा दिल्या आहेत. शिवाय भारताच्या वाट्याला आलेलं एकमेव गाणं केसरबाई केरकरांचं. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी आज आंतरतारकीय अवकाशात पोहोचली आहे. 'व्हॉयेजर १'कडून निघालेल्या संदेशाला पृथ्वीवर पोहोचायला आता २३ तासांहून अधिक वेळ लागतो. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचं निधन झालं. ती तबकडी कुणाच्या हाती लागली तरी भैरवी म्हणजे मैफलीची सांगता, हे त्यांना कसं कळणार? तरीही ती पाठवावीशी वाटली, हे मला थोर वाटतं.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला अमेरिकेत ओहायोच्या रेडिओ दुर्बिणीने अवकाशातून आलेला ७२ सेकंदांचा एक जोरकस संकेत टिपला. तो पुन्हा आला नाही.

आपल्याकडे परग्रहवासीयांचा हा विषय साहित्यात आणण्याचं मोठं श्रेय जयंत नारळीकरांचं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९६१ मध्येच 'ए फॉर अँड्रोमेडा' ही बीबीसीची मालिका जॉन इलियट यांच्यासह लिहिली होती. दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओ संदेश येतो, तो उलगडताना माणूस अडचणीत सापडतो, असं तिचं सूत्र. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित' यांनी मराठी वाचकाला परग्रहावरच्या बुद्धिमान जीवाचा गंभीरपणे विचार करायला लावलं. शाळेच्या ग्रंथालयातून ही पुस्तकं नेणारी एक अख्खी पिढी आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांतून या विषयावरचा एक दर्जेदार मराठी चित्रपट निघायला हवा होता. तो निघाला नाही, ही खंत मोठी आहे.

हिंदीने प्रयत्न केले. 'कोई... मिल गया' २००३ मध्ये आला, 'पीके' २०१४ मध्ये. 'पीके'मधला परग्रहवासी एका स्त्रीचा हात काही तास धरून तिची भोजपुरी उचलतो. कथेला ते सोयीचं पडतं. पण अनोळखी भाषा शिकण्याचे कष्ट, म्हणजे या विषयातला खरा रस, तिथेच निसटतो.

पाश्चात्त्य सिनेमात मधल्या काळात संवादाचं साधनच बदलत गेलं. १९७७ मध्ये सूर होते. १९९७ च्या 'कॉन्टॅक्ट'मध्ये, कार्ल सेगनच्या कादंबरीवरून, मूळ संख्यांचे ठोके आले. व्हेगा ताऱ्याकडून आलेला हा संदेश ओळखायला गणित पुरेसं ठरतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये डेनी व्हिलनव्हचा 'अरायव्हल' आला आणि पहिल्यांदा भाषाशास्त्रज्ञ नायिका झाली. टेड चँगच्या १९९८ च्या दीर्घकथेवरचा हा चित्रपट. बारा यानं पृथ्वीवर बारा ठिकाणी उतरतात. 'तुम्ही इथे का आलात?' एवढंच विचारून मोकळं व्हायची लष्कराला घाई आहे. नायिका लुईस बँक्स फळ्यावर तो प्रश्न लिहिते आणि तो नीट विचारायच्या आधी समोरच्याला काय काय कळायला हवं, ते एकेक शब्द खोडत-जोडत समजावते. आधी 'माणूस', मग स्वतःचं नाव. त्यासाठी ती अंगावरचं संरक्षक कवचही उतरवते. परग्रहपटातलं इतकं खरं धाडस मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे ती भाषा तिच्या मनात उतरते, तसा काळाचा अर्थच बदलतो. आपल्या मुलीचा मृत्यू आधीच कळूनही ती त्या आयुष्याला हो म्हणते. पन्नास वर्षांतला या विषयावरचा हा सर्वोत्तम चित्रपट, असं मी ठामपणे म्हणतो.

तो प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला खरोखरीचं असं एक कान देऊन ऐकणं झालं. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मंगळावर उतरणाऱ्या 'शियापरेली' या युरोपीय यानाचा क्षीण संकेत या दुर्बिणीने टिपला. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो तुटला. यान कोसळलं होतं. मंगळावरचा आवाज खोडदच्या शेतांत ऐकू येतो, एवढं सामर्थ्य आपल्या मातीत आहे.

मग आपला चित्रपट का नसावा? पैशाचं कारण मला पटत नाही. 'अरायव्हल'चा गाभा एक काळोखी खोली, एक पांढरा पडदा आणि हातातला फळा एवढाच आहे. आणि अनोळखी भाषेपुढे नम्रपणे बसणं म्हणजे काय, हे आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी रोज दिसतं. महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांत घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी, दवाखान्याची आणखी वेगळी. कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवरून परतलेली बाई फाइल घेऊन आलेल्या साहेबापुढे गप्प होते. तिला सांगायचं पुष्कळ असतं, पण तिच्या बोलीत विचारणारं कुणी नसतं. या डोंगरात परका आलेला असतो तो साहेब. ती इथली मूळची आहे.

मराठी दिग्दर्शकांनो, लेखकांनो, ही गोष्ट लिहा. कापड्याहून घाट चढताना वळणावर यान उतरलेलं असू द्या आणि नायिका बोलींचा अभ्यास करणारी, कातकरी वाडीतच वाढलेली मुलगी असू द्या. मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेलं आहे, ते सर्वांना खुलं आहे. तिथून सुरुवात करा, आणि पटकथा लिहायच्या आधी काही महिने वाडीवर राहून ती बोली शिका.