एंजिनांत तुटून राहिलेला बोल्ट

ऊसतोड सुरू झाली म्हणजे ज्याच्या घरीं जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्याच्या यंत्रास एका दिवसाचीही उसंत नसते, आणि नेमकें त्याच वेळीं पाणी गळूं लागून एंजिनाचें हेड उतरण्याचा प्रसंग येतो. पान्याखालीं घट्ट असलेला बोल्ट एकाएकीं हलका फिरला, कीं समजावें, तो सुटला नाहीं, तुटला. डोकें हातांत येतें आणि आटे आंत राहतात.

बोल्टाची किंमत ती काय? परंतु तो ज्यांत अडकला तो ब्लॉक मोलाचा आहे. सबब घाव घालण्यापूर्वीं तो कां तुटला हें पाहावें. आवळतांना तुटलेला खुंट बहुधा आंत सैल असतो. छिन्नीच्या टोकानें कडेवर हलके ठोके दिल्यास पुष्कळदां फिरतो. गंजानें धरलेला मात्र हट्टी. ॲल्युमिनियमच्या हेडांत पोलादी बोल्ट असला, तर दोन धातूंच्या संगतीनें तो अधिकच जखडतो. त्यास पातळ तेल पाजून रात्रभर राहूं द्यावें.

खुंट थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आंतून वेल्डिंग करावें. उष्णतेनें गंजाची पकड सुटते. मग थोडें निवल्यावर पाना मागेंपुढें हळूहळू हलवावा. बॅटरीची तार आधीं सोडावी, आणि पेट्रोलचा वास येत असल्यास ठिणगी जवळ आणूंच नये.

खुंट पृष्ठभागाशीं सपाट तुटला असल्यास काम नाजूक होतें. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बाजारांत मिळतो, परंतु त्यावर आमचा भरंवसा बेताचाच आहे. तो अतिकठीण पोलादाचा असल्यामुळें आंत तुटला तर साध्या ड्रिलास दाद देत नाहीं, आणि एका संकटाचीं दोन होतात. त्यापेक्षां बरोबर मध्यावर पंच मारून लहान ड्रिलापासून चढत जावें. ८ मिलिमीटरच्या, १.२५ आट्याच्या बोल्टास ६.८ मिलिमीटरच्या पलीकडे जाऊं नये. उरलेली साल टॅपानें निघते. आटे बिघडलेच तर तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितां येतात.

हें भोंक हातानें सरळ पाडणें कठीण. येथें कोल्हापूरकरांस सोय आहे. शिवाजी उद्यमनगरांत एके काळीं शेतीचीं तेल-एंजिनें तयार होत. विजेचे पंप आले, त्या एंजिनांचा काळ सरला, तरी लेथ आणि ओतकाम यांवरचा हात तेथें टिकून आहे. बोल्ट हेडांत तुटला असेल तर हेडच उचलून तेथें न्यावें. घरीं घण चालविणाऱ्या उत्साही शेजाऱ्यास चहा पाजून वाटेस लावावें, हें उत्तम.

नवा बोल्ट त्याच प्रतीचा घ्यावा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतात, ते जुळवावे. बसविण्यापूर्वीं भोकाच्या तळाशीं सांचलेलें तेल पुसून काढावें. बोल्ट आवळतांना तें दबून ब्लॉकास चीर पडूं शकते.